आग हाताची, मग मशीन डोक्याला कशाला?

माझ्या आत्याला तीन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा हलका अटॅक आला. डावी बाजू गेली होती, पण दोन महिन्यांत हात उचलायला लागली, काठी टाकून चालायला लागली, सगळे म्हणाले सुटली बाई. आणि मग चौथ्या महिन्यात तिच्या डाव्या हाताची आणि पायाची आग सुरू झाली. आग हा तिचाच शब्द. ती म्हणायची, तापलेल्या तव्यावर हात धरून ठेवलाय असं वाटतं, आणि मधेच करंट बसल्यासारखी कळ जाते. पंख्याचा वारा लागला तरी दुखायचं. साडीचा पदर डाव्या खांद्यावरून हातावर घसरला की कळवळायची, शेवटी तिनं साडी नेसणंच सोडलं, चाळीस वर्षं रोज साडी नेसलेली बाई.

हाताचा एक्सरे काढला, नॉर्मल. रक्त तपासलं, नॉर्मल. त्वचेला काही नाही, सूज नाही, लाली नाही. मग घरात हळूहळू तो शब्द आलाच, "मनाचं आहे". त्यात शेवटी एका न्यूरोच्या डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्यांनी पुरेसा फरक पडत नाहीये तर आपण डोक्यावर मॅग्नेटची ट्रीटमेंट करून बघू, आणि आत्याचा चेहराच उतरला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बघ, डॉक्टरांना पण वाटतंय मला वेड लागलंय. आग हाताची होतेय नि मशीन डोक्याला लावतायत."

तिला समजावता समजावता मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारून घेतलं आणि समोर बसून बघितलं, ते इथे लिहितेय, कारण अशी आग घेऊन जगणारी आणि "काही नाही, मनाचं आहे" हे ऐकणारी माणसं आपल्या आजूबाजूला खूप आहेत.

आधी दुखणं म्हणजे काय ते बघू. बोट दारात चेमटलं की तिथल्या बारीक नसा कळ पकडतात, ती पाठीच्या कण्यातून वर मेंदूत जाते, मेंदू ओरडतो. हे दुखणं उपयोगाचं आहे, बोट बरं झालं की ते जातं. आता दाराच्या बेलचं उदाहरण घ्या. कोणी बटण दाबलं की बेल वाजते, बरोबर. पण समजा भिंतीतली वायरच खराब झाली, तर दारात कोणी नसताना बेल वाजत राहील, तुम्ही दहा वेळा दार उघडून बघाल, बाहेर कोणी नाही, बटण चांगलं आहे, तरी बेल वाजतेय. नसांचं दुखणं हे असं आहे. हाताचा एक्सरे काढणं म्हणजे दार उघडून बघणं, तिथे काही सापडणारच नाही. पण बेल खरोखर वाजतेय! ऐकणाऱ्याला भास होत नाहीये. साधी दुखण्याची गोळी इथे चालत नाही तेही म्हणूनच, ती बटणाजवळची सूज कमी करते, वायरला काही करत नाही.

ही वायर कुठेही खराब होऊ शकते. डायबिटीसमध्ये पायाच्या बोटांपासून सुरू होते, रात्री तळपायाची आग, मुंग्या, आणि गंमत नाही पण खरंच त्याच पायाला खाली टाचणी टोचली तर कळत नाही. नागीण होऊन गेल्यावर फोड सुकतात पण त्या पट्ट्यात आग राहते, म्हाताऱ्या माणसांत तर महिनोन्‌महिने. मणक्यात नस दबून पायात जाणारी कळ, केमोनंतर हातापायाला येणारा बधिरपणा नि चटके, कुष्ठरोगात खराब झालेल्या नसा, कापलेल्या पायाच्या न उरलेल्या बोटांत होणारं दुखणं, सगळी एकाच कुळातली. जगभरातल्या पाहण्यांवरून अंदाज असा आहे की मोठ्या माणसांपैकी साधारण ७ ते १० टक्के लोकांना या जातीचं दुखणं असतं. आपल्याकडे २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत देशात डायबिटीसवाले १०.१ कोटी निघाले, म्हणजे नुसती तळपायाची आग किती घरांत असेल त्याचा विचार करा.

आत्याची वायर मात्र हातापायात खराबच झालेली नाही. ती झालीये मेंदूत. मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाचा एक भाग आहे, अंगभरातून येणारा स्पर्श, गरम-गार, कळ, सगळं तिथे गोळा होतं आणि पुढे वाटलं जातं. तिथे किंवा त्या वाटेवर अटॅकचा घाव बसला तर काही लोकांना काही आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी उलट्या बाजूच्या अंगाची आग सुरू होते. देजेरीन आणि रूसी या पॅरिसच्या डॉक्टरांनी हे दुखणं १९०६ सालीच लिहून ठेवलंय, शंभर वर्षांच्या वर झाली, आणि तरी अजून पेशंटला सांगावं लागतं की बाई तुम्ही खोटं बोलत नाही आहात.

आता मुख्य प्रश्न, डोक्याला मशीन लावून काय होतं.

मेंदू कळ नुसती ऐकत नाही, ती कमी-जास्तही करतो. कबड्डी खेळताना गुडघा फुटतो आणि मॅच संपेपर्यंत कळतसुद्धा नाही, हे कित्येकांनी अनुभवलंय. तिथे मेंदूतून खाली पाठीच्या कण्यापर्यंत निरोप गेलेला असतो की आत्ता ही कळ वर पाठवू नका. म्हणजे आपल्या आत ब्रेक आहे. नसांच्या जुन्या दुखण्यात हा ब्रेक ढिला पडतो आणि आवाज वाढवायचं बटण वर जाऊन अडकतं. मग बाहेरून तो ब्रेक पुन्हा लावता येईल का, असा सगळा हा विचार आहे.

मेंदूत ब्रेक कुठे दाबायचा हे सापडलं ते जरा अनपेक्षित जागी. तोक्योच्या निहोन विद्यापीठातले सर्जन ताकाशी त्सुबोकावा आणि त्यांचे सहकारी आत्यासारख्याच, अटॅकनंतर आग होणाऱ्या पेशंटवर काम करत होते. साध्या डोक्यानं कोणालाही वाटेल की दुखणं जाणवतं तर मेंदूतल्या स्पर्श जाणवणाऱ्या भागाला करंट द्यावा. पण तिथे फायदा झाला नाही, त्याच्या अगदी शेजारी, पुढच्या बाजूला जी पट्टी आहे, हातपाय हलवायचा हुकूम जिथून सुटतो ती, तिला हलका करंट दिला तर दुखणं कमी व्हायला लागलं. १९९१ साली त्यांनी हे छापलं. हलवायच्या पट्टीनं दुखणं का कमी व्हावं? तर त्या पट्टीच्या तारा खोलवर थॅलॅमसकडे, दुखण्याचा त्रास जिथे जाणवतो त्या भागांकडे आणि मेंदूच्या देठातल्या त्या ब्रेककडे जातात, एक दार ठोठावलं की आतल्या चार खोल्यांत ऐकू जातं तसं. अडचण एकच, यासाठी कवटी उघडून आत करंट देणारी धातूची पट्टी बसवायला लागायची. दुखण्यासाठी डोक्याचं ऑपरेशन, किती लोक तयार होणार?

इथे दुसरी गोष्ट येऊन जुळते. कवटीच्या बाहेरून मेंदूला करंट देता येतो हे आधी माहीत होतं, पण हाड करंटला अडवतं, म्हणून जोराचा द्यावा लागतो आणि डोक्याची कातडी, तिथले स्नायू भयंकर कळवळतात. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या टीमनं त्यावर वाट काढली, करंटऐवजी मॅग्नेट. चुंबकाला हाडाचं काही पडलेलं नसतं, ते आरपार जातं. आपल्या घरातली इंडक्शन शेगडी बघा, शेगडीच्या आत तारेचं वेटोळं असतं, त्यात भराभर बदलणारा करंट सोडला की वर चुंबकाचं क्षेत्र तयार होतं आणि ते मधल्या काचेला न अडता भांड्याच्या बुडात करंट तयार करतं, मधे वायर नाही काही नाही. फॅरेडेनं १८३१ साली दाखवून दिलेली गोष्ट आहे ही. टीएमएसचं मशीन, म्हणजे हेच डोक्याला लावायचं मॅग्नेटचं मशीन, तेच करतं, फक्त भांड्याच्या जागी मेंदूचा वरचा थर, डोक्याच्या कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटर खोलपर्यंतचा. (भांड्यासारखा मेंदू तापत नाही, आत्यानं हे पहिलं विचारलं होतं. एकेक झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो.) झटक्याच्या क्षणी चुंबकाचा जोर मात्र दीड-दोन टेस्ला असतो, एमआरआयच्या मशीनच्या तोडीचा, फक्त एवढ्याशा जागेत.

आधी आधी हे मॅग्नेट एवढ्यासाठीच वापरायचे की ऑपरेशन करून ती करंटची पट्टी बसवली तर फायदा होईल का याचा अंदाज यावा. मग लक्षात आलं की तेच मॅग्नेट पुन्हा पुन्हा, रोज दिलं तर त्याचाच फायदा होतोय. तिथून ही ट्रीटमेंट वेगळी उभी राहिली.

आता आत्याचं पहिलं सेशन सांगते. खोली मानसोपचार विभागात होती, पाटी वाचून आत्या दारातच थांबली. टेक्निशियन ताई छान होत्या, त्यांनी सांगितलं की काकू, हे मशीन आधी डिप्रेशनसाठी आलं, अमेरिकेत २००८ मध्ये पहिली मंजुरी त्याचीच, म्हणून ते या विभागात असतं, तुमचं काम वेगळं आहे, जागा पण वेगळी आहे डोक्यावरची. मग कानातल्या कुड्या, केसातले आकडे, घड्याळ, मोबाईल, पर्समधलं एटीएम कार्ड, सगळं बाहेर. कानात बोळे, कारण मशीन जोरात टकटक करतं आणि कानाला त्रास होऊ शकतो. डेंटिस्टकडे असते तशी खुर्ची. डॉक्टरांच्या हातात इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल, म्हणजे तेच तारेचं वेटोळं, दोन जाड चकत्या जोडल्यासारखी. ती त्यांनी टाळूपासून तीन-चार बोटं उजव्या कानाकडे धरली. डाव्या हाताची आग, म्हणून उजवा मेंदू.

एकदा टक. काही नाही. जरा पुढे सरकवली, टक. काही नाही. जरा तिरकी केली, टक, आणि आत्याच्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताचा अंगठा आपला आपण उडाला. आत्या बघतच राहिली. "मी नाही हलवला गं," ती मला म्हणाली. पुन्हा टक, पुन्हा अंगठा. आणि तेव्हा, माझ्या सगळ्या समजावण्यानं जे झालं नव्हतं ते झालं, तिला कळलं की हाताची तार खरंच डोक्यातून येते. तिनं उजव्या हातानं तो अंगठा धरून ठेवला होता थोडा वेळ.

हे अंगठा उडवणं नुसतं दाखवायला नसतं. मेंदूवर अंगाचा नकाशा आहे, हाताची जागा, चेहऱ्याची जागा, पायाची जागा, आणि प्रत्येकाच्या कवटीखाली ती जरा इकडेतिकडे असते, म्हणून आधी जागा शोधायची, मग कमीत कमी किती जोरात अंगठा उडतो ते मोजायचं आणि ट्रीटमेंटचा जोर त्याच्याही थोडा खाली ठेवायचा, साधारण ८० ते ९० टक्के. म्हणजे ट्रीटमेंट चालू असताना हात उडत नाही. मग सेकंदाला १० झटके, दहा सेकंद, वीस सेकंद आराम, असं तीस वेळा. पंधरा मिनिटांत ३००० झटके. आत्या म्हणाली, डोक्यावर कोणीतरी टिचक्या मारतंय असं वाटतं, झालं. भूल नाही, सुई नाही, झाल्यावर आम्ही खाली कँटीनमध्ये चहा घेतला नि बसनं घरी आलो.

आणि त्या दिवशी आग तसूभरही कमी झाली नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण लोक इथेच नाराज होतात. एका सेशनचा परिणाम दिसायला दोन-चार दिवस लागू शकतात आणि आठवडाभरात तो ओसरतो, म्हणून एकावर एक सेशन रचत जायची, सुरुवातीला जवळ जवळ, नंतर लांब लांब. डॉक्टरांनी आत्याला सांगितलं, रोज रात्री झोपताना दुखण्याला शून्य ते दहा मार्क द्या आणि लिहून ठेवा, नाहीतर दुखणाऱ्या माणसाला कालचं आठवत नाही. आत्यानं कालनिर्णयच्या चौकोनातच लिहायला सुरुवात केली, दुधाच्या हिशोबाशेजारी.

आता खरा फायदा होतो का, की मोठं मशीन बघून मनाला बरं वाटतं? दुखण्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण दुखणाऱ्या माणसाला नुसत्या आशेनंही थोडं बरं वाटतं. म्हणून अभ्यासात खोटी कॉइल वापरतात, दिसायला तशीच, आवाज तसाच, आत झटका नाही. मला सगळ्यात पटला तो फ्रान्समधला २०२१ साली छापलेला अभ्यास. चार केंद्रं, नसांच्या दुखण्याचे १४९ पेशंट, २५ आठवडे. काहींना हलवायच्या पट्टीवर खरं मॅग्नेट, काहींना कपाळाच्या बाजूला, डिप्रेशनसाठी देतात त्या जागी खरं मॅग्नेट, काहींना खोटं. हलवायच्या पट्टीवाल्यांचं दुखणं खोट्यापेक्षा जास्त कमी झालं, आणि कपाळाच्या बाजूचं खोट्याच्या पुढे गेलंच नाही. म्हणजे तेच मशीन, तोच आवाज, पण जागा चुकली की फायदा नाही. फक्त मनाचा खेळ असता तर दोन्हीकडे सारखंच व्हायला हवं होतं. दुसरा एक छोटा अभ्यास २०११ चा, तो निरोगी माणसांवर केलेला. अंगात स्वतःची मॉर्फिनसारखी रसायनं तयार होतात, त्यांना अडवणारं औषध, नॅलोक्सोन, आधी दिलं तर या पट्टीवरच्या मॅग्नेटचा दुखणं कमी करणारा परिणाम घटला. म्हणजे मॅग्नेट बाहेरून काही घालत नाही, आतलंच औषध जागं करतं.

पण दुसरी बाजूही सांगते. २०१८ मध्ये कॉक्रेननं, म्हणजे जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेनं, सगळ्या प्रकारच्या जुन्या दुखण्यांवरचे, सगळ्या प्रकारच्या मेंदूच्या मशीनचे ९४ अभ्यास, २९८३ माणसं, एकत्र करून तपासलं. निष्कर्ष मवाळ होता, हलवायच्या पट्टीवरच्या जलद मॅग्नेटनं थोड्या काळासाठी थोडा फायदा होत असावा, पण पुरावा कच्चा आहे. तर २०२० च्या युरोपातल्या तज्ञांच्या गाईडलाईननं नसांचं दुखणं वेगळं काढून त्यासाठी याच ट्रीटमेंटला सगळ्यात वरचा दर्जा दिला. दोन्ही वाचून माझं मत असं झालंय की सगळी दुखणी एका पातेल्यात टाकली की चव कळत नाही, नसांच्या दुखण्यात हे खरंच काम करतं, पण सगळ्यांना नाही, आणि ज्यांना करतं त्यांचंही दुखणं बहुधा पूर्ण जात नाही. दहातलं आठ होतं ते पाच होतं. ज्याचं नसतं दुखत त्याला हे थोडं वाटेल. आठवरून पाच म्हणजे रात्री सलग चार तास झोप.

म्हणूनच हे पहिलं औषध नाही. आधी गोळ्या, अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गाबापेंटिन, प्रीगाबालिन यांतल्या, मग लावायचे पॅच वगैरे, आणि त्यांनी भागलं नाही तर हे, असाच क्रम २०२५ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आहे. गोळ्या वाईट नाहीत, कित्येकांना त्यांनीच बरं वाटतं. आत्याला मात्र त्यांची इतकी गुंगी यायची की भाजी चिरता चिरता डोळे मिटायचे, समोर विळी असताना, आणि डोस वाढवायची सोय उरली नव्हती.

डोक्यावरून बारीक करंट देणाऱ्या मशीनबद्दलही थोडं, कारण नेटवर शोधलं की तेच जास्त दिसतं. टीडीसीएस म्हणतात, मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज डोक्याला लावून एक-दोन मिलिअँपिअरचा अगदी बारीक करंट वीस मिनिटं द्यायचा. तो पेशींना उडवत नाही, फक्त जरा उत्सुक किंवा जरा सुस्त करतो. स्वस्त आहे, छोटं आहे, घरीही करता येण्यासारखं आहे, पण नसांच्या दुखण्यातला त्याचा पुरावा मॅग्नेटपेक्षा बराच कमजोर आहे. आणि ऑनलाईन बघून बॅटरी आणि वायर जोडून घरी प्रयोग करू नका, हात जोडून सांगते, कातडी भाजते, जागा चुकते, आणि डॉक्टरांनाही न सांगता लोक करतात.

मॅग्नेट कोणाला चालत नाही तेही नीट ऐका. डोक्यात धातूची क्लिप आहे, कानात ऐकू येण्यासाठी बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट आहे, तर नाही. पेसमेकर असेल तर आधी सांगायचंच. फिट येण्याचा धोका अगदी कमी असतो पण असतो, त्यामुळे आधी कधी फिट आली असेल, डोक्याला मोठा मार असेल, अटॅकचा घाव मेंदूच्या वरच्या थरात असेल तर डॉक्टर जास्त विचार करतात. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या, कारण काही गोळ्यांनी फिटची शक्यता वाढते, दुखण्यासाठी सर्रास दिलं जाणारं ट्रामाडोलही त्यात येतं. बाकी त्रास म्हणजे डोकं दुखणं, कॉइलखाली कातडी दुखणं. आत्याचं पहिल्या आठवड्यात दोनदा डोकं दुखलं, मग नाही.

पैसे भरायच्या आधी इतकं विचारा, की जागा कुठली देणार आहात, अंगठा उडवून मोजणार का, किती सेशननंतर थांबून बघायचं, आणि फरक पडला तर पुढे महिन्याला किती वेळा यावं लागेल. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. एकदा कोर्स झाला नि संपलं असं यात नसतं, आणि गावाहून येणाऱ्याला तिकीट, घरच्या एकाची सुट्टी, हे सगळं त्यात धरावं लागतं. "शंभर टक्के बरं करतो" असं कोणी म्हणालं तर तिथून सरळ उठा.

आत्याचं आता पंधरा दिवसांतून एक सेशन चालू आहे. कालनिर्णयचे जुने महिने तिनं फाडले नाहीत, खिळ्याला तसेच मागे दुमडून ठेवलेत. सुरुवातीच्या पानांवर आठ, आठ, नऊ, आठ. या महिन्यात बहुतेक चौकोनांत पाच, मधे दोन चार, एक सात, तो दिवस थंडीचा होता. मागच्या रविवारी साडी नेसली होती तिनं, सुती, पदराला पिन लावून, हातावर घसरू नये म्हणून. पुढचं सेशन गुरुवारी आहे.